पालथा गिलास

तृप्तीनं आधी भिंतीवरचं बटन बंद केलं, पिन उपसून ओट्यावर ठेवली, ओढणीला हात कोरडे पुसले आणि मगच ती भांडी धुवायच्या मशीनपुढे उकिडवी बसली. मशीनच्या कपाळावर इतका वेळ लाल अक्षरं लुकलुकत होती, ई आणि नऊ. आता ती विझली. विझली म्हणून काही उलगडलं, असं मात्र झालं नाही. दार उघडलं तर आतली भांडी अर्धवट ओली, साबणाची वडी निम्मी विरघळलेली, आणि तळाशी वरणाच्या रंगाचं पाणी.

"पुन्हा रुसली का वो तुही मशीन?" शोभाताईंनी मागून डोकावून विचारलं. शोभाताई म्हणजे तिच्या सासूबाई.

"माझी कुठली, आई? तुमच्यासाठी आणली ना."

"माही असती तर माह्यं आयकलं असतं तिनं."

फोन ओट्यावर होता, स्पीकर सुरू होता. पलीकडे कंपनीचा मेकॅनिक, नागपूरहून बोलत होता. या मशीनची एवढी चौकशी त्यानं आजवर कुणाकडून ऐकली नसावी, कारण तो वैतागायच्या ऐवजी रंगात आला होता.

"बटन बंद केलं ना मॅडम?"

"केलं. पिनही काढली."

"वा! लोक चालू मशीनमध्येच हात घालतात आणि मग शिव्या आम्हाला."

"माझे बाबा खाणीत होते," तृप्ती म्हणाली. "त्यांनी शिकवलंय."

हे सांगायची काही गरज नव्हती. पण बाबांचा विषय काढायची संधी आली की तिला राहवत नसे. बाबांचा, म्हणजे डोमांचा, उभा जन्म चिखल्याला मँगनीजच्या खाणीत, जमिनीच्या पोटात गेला. आता ते आसगावला राहून थोडं धानाचं शेत पाहत. क्वार्टरमध्ये साधा बल्ब बदलायचा असला तरी ते म्हणायचे, आधी बटन, मंग हात. लहानपणी तृप्ती हे पाढ्यासारखं म्हणत हिंडायची.

मेकॅनिकनं सांगितलं तसं तिनं एकेक केलं. नळ बंद केला. दाराचं रबर बोटानं चाचपलं, कुठं शीत अडकलं नव्हतं. तळाची गाळणी काढून धुतली. मागचे स्क्रू खोलून पाहू का, असं विचारल्यावर तो एकदम ओरडला.

"बिलकुल नाही! पिन काढली तरी आतल्या बोर्डात करंट राहतो. तुम्ही फक्त थांबा. थोड्या वेळानं पिन लावा."

दोघी थांबल्या. पिन लावली, बटन दाबलं आणि मशीन मुकाट्यानं पाणी भरू लागली. मघाशी हिलाच काही झालं होतं, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"चालली ना?" मेकॅनिक म्हणाला. "पण हा कोड वारंवार येत असेल तर बोर्ड गेलं समजा. एक सांगा, चालू असताना मधातच कोणी बंद करतं का? बंद करून दार उघडायचं, पुन्हा चालू करायचं, असं? त्यानंही बोर्ड गोंधळतं."

"नाही हो. असं कोण करणार?"

शोभाताईंनी तृप्तीकडे पाहिलं. मग नजर वळवली आणि मागच्या अंगणात निघून गेल्या. तृप्तीच्या ते लक्षात राहिलं.

ही मशीन घरात आली ती शोभाताईंच्या हातांमुळं. पवनीत त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या माग होते. कोशाचं रेशमी सूत भरून भरून त्यांच्या बोटांची कातडी पातळ झालेली, आणि आता साबण लागला की भेगा पडून रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात हात घालायचा नाही. भांडी घासायला बाई लावावी म्हटलं तर शोभाताईंना कुणाचं घासलेलं आवडत नसे. कडेला राख राहते म्हणत आणि पुन्हा स्वतः घासायला बसत. शेवटी भूषणनं, त्यांच्या मुलानं, नागपूरहून हे धूड आणून ओट्याखाली बसवलं आणि सोमवारी तो नोकरीवर निघून गेला. तो दर शनिवारी येई. एरवी मशीनशी भांडायचं ते सासू-सुनेनं.

आता भांडायचं म्हणजे कसं, तर काहीच धड कळत नव्हतं. आठवडाभर मशीन छान चाले. ताटं चकचकीत, कुकर चकचकीत. आणि मग मध्येच एका दुपारी ई-नऊ. मशीनपुढे फरशीवर थोडं पाणी सांडलेलं, त्याचे थेंब थेट मागच्या दारापर्यंत गेलेले. तृप्तीला वाटलं, गळते आहे. खाली वर्तमानपत्र अंथरून पाहिलं. कागद आठवडाभर कोरडा ठणठणीत राहिला, आणि पुढच्या ई-नऊला नेमका भिजला.

ती सकाळच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या डोक्याला अशी गोष्ट चालत नसे. कारण असलंच पाहिजे. त्या दिवशी जेवायला काय होतं, हे ती आठवत बसली. भरली वांगी होती. त्याआधी लाखोळीच्या डाळीचे वडे होते. त्याआधी शिंगाडे होते उकडलेले, बाबांनी आणलेले. वडे बाबांसाठीच केले होते. वांगीही बाबांनीच आणली होती.

बाजाराचा दिवस! प्रत्येक वेळी बाजाराचाच दिवस!

तृप्तीला केवढा आनंद झाला. बाजाराच्या दिवशी सगळ्या चक्क्या चालू असणार, विजेचा दाब कमी-जास्त होत असणार, बस्स, सापडलं. गल्लीच्या टोकाला खांबावर चढलेल्या लाइनमनला तिनं खालूनच विचारलं, "भाऊ, बाजाराच्या दिवशी लाइट काही वेगळी येते का हो?"

"हो ना मॅडम," तो वरून म्हणाला. "थैली घेऊन येते."

त्याच्याबरोबरचा माणूस हसला. तृप्तीही हसली. पण घरी येईतो तिचं हसू मावळलं होतं, कारण बाजाराच्या दिवशी वेगळी अशी एकच गोष्ट घरात घडायची. बाबा यायचे.

डोमा आसगावहून एसटीनं येत. थैलीत काहीतरी असेच, कधी पालेभाजी, कधी पोपट, म्हणजे वालाच्या शेंगा. दारात चपला काढून लेकीला "जय भीम" करायचे आणि शोभाताईंना "नमस्कार ताई". जेवायचे, मागच्या पडवीत खाटेवर जरा पाठ टेकायचे आणि चारच्या गाडीनं परत. त्यांच्या येण्यानं मशीन बिघडायला ते काय तिला दृष्ट लावत होते? तृप्तीला स्वतःचाच राग आला.

मग तिला तो गिलास दिसला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा गेल्यावर ती दोरीवरचे कपडे काढायला मागं गेली. भांडी घासायचा जुना दगड तिथं आता रिकामाच पडून असे. त्या दगडावर एक स्टीलचा गिलास पालथा घातलेला होता. एकटाच. स्वच्छ धुतलेला. घरात तसे सहा गिलास होते, सगळे सारखे, आणि जेवणातले बाकीचे दोन मशीनमध्ये अडकून पडले होते, कारण मशीन पुन्हा ई-नऊवर थांबलेली.

ती कपडे घेऊन पुढं सरकणार, तेवढ्यात शोभाताई मागच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. दोरीवरच्या चादरीमागं उभी असलेली तृप्ती त्यांना दिसली नाही. त्यांनी गिलास उचलला, पदरानं पुसला, आत नेला आणि फडताळात नेऊन ठेवला. रांगेच्या अगदी शेवटी.

तृप्ती चादरीमागं तशीच उभी राहिली. म्हणजे हे असं होतं तर! बाबा जेवून उठले की त्यांचा गिलास इतर भांड्यांत मिसळायला नको. सुनेला तोंडावर सांगता येत नाही. मग ती आत गेली की मशीन बंद करायची, गिलास काढायचा, बाहेर वेगळा धुवायचा. मेकॅनिकनं विचारलं तेव्हा नजर वळवली ती उगाच नाही.

लग्न झालं तेव्हा शोभाताई वर्षभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. बौद्धाची मुलगी कोष्ट्याच्या घरात आली, गल्लीनंही तोंडात बोटं घातली होती. मग एके दिवशी शोभाताई बोलायला लागल्या, आणि लागल्या त्या थांबेचनात. डोमा पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी स्वतः वाढलं, व्याह्यांना "इवाई, लाजू नका, अजून एक वडा घ्या" म्हणून आग्रह केला. तृप्ती न्हाणीत जाऊन पोटभर रडली होती तेव्हा. ते सगळं नाटकच होतं का? एवढी वर्षं? आणि आपण गणिताच्या बाई, आपल्याला कळलं नाही?

रात्री भूषणचा फोन आला. मशीनचं काय, असं त्यानं विचारलं. "बोर्ड गोंधळलंय म्हणे," ती म्हणाली.

आठवडाभर ती शोभाताईंशी कामापुरतं बोलली. शोभाताईही गप्पच होत्या. याचा अर्थही तिनं तिला हवा तोच काढला. दोघी समोरासमोर बसून तांदूळ निवडत होत्या आणि दोघींचे खडे एकाच वाटीत पडत होते. शोभाताईंनी एकदाच विचारलं, "काही झालं का वो?" तृप्ती म्हणाली, "कुठं काय?"

पुन्हा बाजाराचा दिवस आला. डोमा आले, थैलीतून कोवळ्या काकड्या निघाल्या, जेवणं झाली. तृप्तीनं भांडी मशीनमध्ये लावली. बाबांचा गिलास वरच्या जाळीत डाव्या कोपऱ्यात ठेवला, नीट लक्षात ठेवून. साबणाची वडी टाकली, दार लावलं, बटन दाबलं.

"मी वर पेपर तपासते," ती मोठ्यानं म्हणाली.

"जा, जा," शोभाताई त्यांच्या खोलीकडे जात म्हणाल्या. डोमा पडवीत खाटेवर आडवे झाले होते.

तृप्ती जिना चढली आणि वळणावर थांबली. खालून मशीनची घरघर ऐकू येत होती. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. आई, माझ्या बापाचा गिलास तुम्हाला चालत नसेल तर मीही तुम्हाला चालत नाही. भूषणला सांगा, मी आसगावला गेले. एवढंच. आवाज चढवायचा नाही.

भिंतीवरचं बटन खटकन वाजलं. घरघर थांबली.

ती खाली धावली. दारात पोचली आणि उंबऱ्यावरच थबकली.

मशीनपुढे डोमा होते. पायात त्यांनी मुद्दाम रबरी चपला चढवल्या होत्या. हात गमछ्याला पुसत ते बटनाकडे पुन्हा एकदा पाहत होते, बंदच आहे ना म्हणून. मग त्यांनी दार हळूच उघडलं, पाणी ठिबकत असलेल्या जाळीच्या डाव्या कोपऱ्यातला गिलास काढला, दार लावलं, आणि गिलास घेऊन मागच्या दारानं अंगणात गेले. फरशीवर थेंब पडत गेले. अंगणातल्या नळावर त्यांनी गिलास आतून-बाहेरून चोळून धुतला आणि दगडावर पालथा घातला. परत आले, चपला काढल्या, बटन चालू केलं. मशीन पीं-पीं करू लागली. कपाळावर ई-नऊ आलं. डोमांनी त्या लाल अक्षरांकडे मान हलवली, झालं, सुरू झाली, अशा समाधानानं.

"बाबा."

डोमा दचकले. "अवो, तू वर गेली होती ना?"

"काय करून राहिले तुम्ही?"

"काही नाही. माहा गिलास होता त्यात."

"मग?"

"मंग काय? धुऊन टाकला."

"काहून?"

डोमांना हा प्रश्नच कळला नसावा. त्यांनी गमछा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"आपला गिलास आपण धुवाचा, बाई. आमी पह्यलेपासून तसंच करत आलो. दुसऱ्याच्या घरी पाणी पेलं का धुऊन पालथा घालाचा आन निंगाचं. अठी तर तुहं सासर हाये. पह्यले मी अंगणातच धुवत जाओ, तुमचं ध्यान नव्हतं. आता तू लगेच डब्यात कोंडून टाकतं. मंग मी बटन बंद करून काढतो. करंटगिरंट नको लागाले."

"तुम्हाला कोणी काही बोललं का?" तृप्तीचा आवाज फाटला. "आई बोलल्या?"

"छे वो! ताई देवमाणूस हाये."

"मग?"

"कोणी बोलाच्या आधी धुतला म्हंजे बोलाची पाळीच येत नाही," डोमा म्हणाले. साधं, धानाचं काही सांगावं तसं.

मागं बांगड्या वाजल्या. शोभाताई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्यांचे भेगाळलेले हात पदरात गुंडाळलेले होते.

"मले वाटे," त्या तृप्तीला म्हणाल्या, "तूच ठेवतं तो गिलास बाहेर."

"मी?"

"मले वाटे, तुले भरोसा नाही. तुह्या बापाचा गिलास माह्या भांड्यात नको, उद्या सासू काही बोलन, म्हून तूच काढून ठेवतं. मंग मी चुपचाप आत आणून ठेवो. कोणी पाहू नये म्हून. म्हटलं, भूषणले सांगू नये. तुले आता माह्यावर रागच हाये तं काय करू?"

तृप्तीला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. आठवडाभर मनात जमवलेलं ते वाक्य आता कुठं ठेवायचं? ती शोभाताईंकडे पाहत राहिली, आणि शोभाताई तिच्याकडे. मशीन मध्ये पीं-पीं करतच होती.

"हे काहून वरडून राहिली?" डोमांनी विचारलं.

"बिघडली, बाबा. मधातच बंद केली, दार उघडलं की असं होते तिला."

डोमांचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्यानं बिघडली? हरेक वेळी?" ते एक पाऊल मागं सरले. "बापा! एवढी महागाची चीज. मले काय ठाऊक? मी तं बटन बंद करूनच हात घातला."

"तुमचं काही चुकलं नाही, इवाई," शोभाताई म्हणाल्या आणि लगेच थांबल्या. हे म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही, अशी शंका त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली. मग त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या.

तृप्तीनं बटन बंद केलं, पिन काढली. लाल अक्षरं विझली.

"आता?" डोमांनी विचारलं.

"आता थांबायचं थोडं. मग आपोआप ठीक होते."

बापलेक मशीनपुढे उभे राहिले. डोमांना आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. चारची गाडी, असं ते एकदा पुटपुटले. तृप्तीनं ऐकलं नाही असं दाखवलं.

शोभाताई आत आल्या. हातात तो गिलास होता. पाणी लागून त्यांच्या बोटाची भेग उघडली होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मशीनचं दार उघडलं, वरची जाळी बाहेर ओढली आणि गिलास डोमांपुढे धरला.

"ठेवा आत."

"मी?"

"तुमीच."

डोमांनी गिलास दोन्ही हातांनी घेतला. भिंतीवरच्या बटनाकडे एकदा पाहून घेतलं. मग वाकले.

"कुठं ठेवू, ताई?"

"कुठंही ठेवा ना. जागाच जागा हाये."

डोमांनी जाळीकडे पाहिलं. डावा कोपरा रिकामा होता. मधे, शोभाताईंच्या गिलासाशेजारी जागा होती. तृप्तीच्या गिलासाशेजारीही होती. त्यांचा हात पुढं गेला, थबकला, मागं आला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तृप्तीला बोट करून दाखवायचं होतं, पण तिनं हात उचलला नाही.

"कुठंही?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि ओला गिलास हातात धरून ते त्या जाळीपुढे उभेच राहिले.